उन्हाळा, मोठं शहर आणि महिन्याची 20 तारीख

पत्र थोडक्यात असं आहे. "ताई, मी 25 वर्षांची. नोकरीसाठी मागच्या वर्षी मोठ्या शहरात आले. निम्मा पगार भाड्यात जातो, थोडे घरी पाठवते. ऑफिसमधला ग्रुप दर शनिवारी दुपारी भेटतो, मॉल, कॅफे, कधी वॉटर पार्क, येताना कॅब, वाटेत थंड पाण्याच्या बाटल्या. त्यांच्यासोबत गेलं की 20 तारखेलाच खातं रिकामं, आणि नाही गेलं की दोन दिवस पंख्याखाली मोबाईल बघत पडून. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, रात्रीसुद्धा भट्टी. लहानपणी उन्हाळा म्हणजे दिवसभर बाहेर असायचो, इथं बाहेर पाय टाकला की पैसे. आणि एकटीने कुठं जाऊन बसायचं तर सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. स्वस्तात, म्हणजे खरंच स्वस्तात, काही करता येतं का?" खाली सही केलीय, वरच्या मजल्यावरची.

वरच्या मजल्यावरचे,

तुझं पत्र वाचताना जिथं जिथं पैसे गेले असं तू लिहिलंयस तिथं मी पेन्सिलने खूण करत गेले. मॉल, कॅफे, वॉटर पार्क, कॅब, पाण्याची बाटली. आता तूच बघ, मॉलमध्ये तुला काही घ्यायचं होतं का, तर नाही, तिथं एसी होता. कॅफेत तेच, कॅबमध्ये तेच, बाटलीचं तर विचारूच नको. म्हणजे तुम्ही पाच-सहा जण मिळून दर शनिवारी मजा नाही गं, गारवा विकत घेता, आणि शनिवारी दुपारी भेटायचं ठरवलं की दुसरा इलाजच उरत नाही, कारण त्या वेळेला शहरात गार जागा एकतर कुणाच्या तरी मालकीची असते नाहीतर मीटर पडत असतो. म्हणून "स्वस्तात काय करता येतं" याची लांबलचक यादी मी देणार नाहीये, अशा याद्या वाचून कुणी उठत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की तू घड्याळ बदल, करण्यासारखं आपोआप सापडतं.

हे घड्याळाचं जरा नीट सांगते कारण सगळं त्यावरच आहे. ऊन सगळ्यात कडक बाराच्या आसपास असतं पण हवा सगळ्यात तापलेली असते ती साधारण दुपारी 2 ते 4 या वेळात, कारण ऊन आधी जमीन तापवतं आणि मग जमीन हवेला तापवते, त्यात वेळ जातो. आणि सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते, उजाडतानाची असते, कारण जमीन रात्रभर उष्णता बाहेर सोडत राहते आणि ते पहाटेपर्यंत चालतं. शहरात यात भर पडते डांबराची आणि सिमेंटची. भर उन्हात डांबरी रस्ता 60 अंशांच्या आसपास जाऊ शकतो, आणि तो जे दिवसभर घेतो ते संध्याकाळी परत करत बसतो. तुझी खोली रात्रीसुद्धा भट्टी का होते ते यातच आलं, डोक्यावरचा स्लॅब सूर्य गेल्यावर ड्युटीवर येतो. तेव्हा खिडक्या पहाटे सताड उघड आणि ऊन चढलं की पडदे ओढून बंद कर. बरेच जण बरोबर उलटं करतात, दिवसभर "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघड्या आणि रात्री डासांमुळे बंद.

हे काही नवीन शोध नाहीत बरं का. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड म्हणून एक गृहस्थ होते, धंदा औषधं आणि रसायनं बनवायचा, पण नाद हवामानाचा. त्यांनी 200 वर्षांपूर्वी वर्षानुवर्षं तापमानाच्या नोंदी ठेवल्या आणि रात्रीचं लंडन आसपासच्या गावांपेक्षा गरम असतं हे दाखवून दिलं. ढगांना क्युम्युलस, सिरस, स्ट्रेटस ही नावं दिली तीही ह्यांनीच. फुकटात छंद कसा करायचा हे कुणाकडून शिकायचं असेल तर ह्या माणसाकडून, तापमापक, वही आणि वर बघायची सवय, बास.

तू आज रात्री एक कर. नऊच्या सुमारास खाली उतर, जिच्यावर संध्याकाळचं ऊन पडतं अशी पश्चिमेकडची भिंत शोध आणि तिच्यावर तळहात टेकव. भिंत अजून गरम लागेल, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. मग पाचपन्नास पावलांवर एखादं मोठं झाड असेल तर त्याच्याखालच्या मातीवर हात ठेव. दोन्हीतला फरक हाताला कळला की शहराचा नकाशा डोक्यात आपोआप वेगळा दिसायला लागतो, कुठल्या रस्त्याने जायचं, कुठल्या बाजूने चालायचं, कुठं थांबायचं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं आहे की सावलीतला पृष्ठभाग हा भर उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा 11 ते 25 अंशांनी गार असू शकतो. आणि मोबाईलवर जो आकडा दिसतो ना, तो सावलीतला असतो, हवामान केंद्रांवर तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवून मोजतात तसा, त्यामुळे "38 च तर आहे" म्हणत उन्हातून चालायला जाऊ नकोस, तो 38 तुझ्या रस्त्याचा नाहीये.

तर आता पहाट. मला माहितीये तू काय म्हणणार, सुट्टीच्या दिवशी पहाटे कोण उठतं. अगं पण तूच लिहिलंयस ना की खोलीत झोप लागत नाही, मग पाचला तळमळत पडण्यापेक्षा उठ आणि जवळच्या सगळ्यात जुन्या बागेत जा. नवीन बागेत नको, तिथं फरशा जास्त आणि झाडं कंबरेएवढी असतात, जुन्या बागेत जा जिथं वरती छत झालंय. मोबाईलमध्ये मर्लिन नावाचं अ‍ॅप टाकून घे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने केलंय, फुकट आहे, जाहिराती नाहीत. 2021 पासून त्यात आवाज ओळखायची सोय आहे, बटण दाबून फोन नुसता धरून उभी रहा, जो पक्षी ओरडेल त्याचं नाव खाली येत जातं. पहिल्या दिवशी वाटतं चार-पाच जातींचे पक्षी असतील, आणि मग यादी लांबतच जाते आणि आपण वेड्यासारखं वर मान करून फिरत बसतो. अ‍ॅप कधीकधी चुकतंही, म्हणून नाव आलं की तो पक्षी डोळ्यांनी शोधायचा, खरा खेळ तिथं आहे.

आणि ऊन जरा चढायला लागलं की तिथंच सावलीत बसून बघ, प्राणी काय करतात ते. कावळा चोच उघडी टाकून धापा टाकत बसलेला असतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, ते तसंच अंग गार करतात. खार एखाद्या सावलीतल्या फांदीवर पोट टेकवून, चारी पाय पसरून सपाट पडलेली दिसेल, मेली की काय असं वाटतं, पण ती पोटाकडून उष्णता बाहेर काढत असते. मला तरी हे बघायला कुठल्याही वॉटर पार्कपेक्षा जास्त आवडतं, पण ते माझं झालं. प्राण्यांसोबत झाडं, किडे यांचे पण फोटो काढायचे असतील तर आयनॅचरलिस्ट नावाचं दुसरं अ‍ॅप आहे, तिथं बाकीचे लोक ओळख पटवून देतात. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज असतं, 2016 मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून सुरू झालं आणि आता जगातली शेकडो शहरं त्यात असतात, चार दिवस आपल्या शहरातलं जे जे जिवंत दिसेल ते नोंदवायचं. फी वगैरे काही नाही. तुझं शहर यादीत आहे का बघून ठेव.

सकाळचा दुसरा प्रकार म्हणजे रिकामे रस्ते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970 च्या दशकापासून दर रविवारी आणि सणासुदीला सकाळी 7 ते दुपारी 2 पर्यंत 100 किलोमीटरहून जास्त रस्ते गाड्यांना बंद असतात, माणसं सायकली, स्केट्स, पोरंबाळं, कुत्री घेऊन रस्त्यावर. त्याचं बघून कितीतरी शहरांनी एखाद-दुसरा रस्ता रविवारी सकाळी मोकळा ठेवायला सुरुवात केली, तुझ्या शहरात असेल तर जाऊन ये. नसेल तरी रविवारी सकाळी 6 ला शहराचा सगळ्यात गजबजलेला भाग, जिथं एरवी मान वर करता येत नाही, तिथं चालत जा. दुकानांच्या पाट्यांच्या वरचे मजले त्या वेळेलाच दिसतात, जुने सज्जे, लाकडी खिडक्या, इमारत बांधल्याचं साल कोरलेलं असतं कुठंतरी. उन्हाच्या आत घरी परत, आंघोळ, झोप. दिवसाचा अर्धा आनंद साडेआठच्या आत झालेला असतो आणि पाकीट उघडायचा प्रसंगच आलेला नसतो.

दुपारी मात्र बाहेर फिरायचं नाही. या वेळेत गारवा लागतोच, मग तो असा घे की ज्याचं भाडं आधीच भरलं गेलंय. सार्वजनिक लायब्ररीचा वाचनकक्ष तुझ्या-माझ्या टॅक्समधून चालतो, तिथं पंखा असतो, नशीब असेल तर एसी असतो, आणि "मॅडम अजून काही ऑर्डर?" असं विचारायला कुणी येत नाही. तिथं जाऊन ऑफिसची पुस्तकं वाचू नकोस प्लीज. जुन्या मासिकांचे बांधीव अंक माग, तुझ्या जन्मसालाचे माग, जाहिराती वाच, दुपार कशी जाते कळत नाही.

म्युझियमचं असंच. बऱ्याच म्युझियममध्ये आठवड्यातला नाहीतर महिन्यातला एखादा दिवस तिकीट नसतं किंवा नावाला असतं, गेटवर लिहिलेलं असतं पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. 18 मे हा आंतरराष्ट्रीय म्युझियम दिवस, 1977 पासून पाळतात, त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी फुकट सोडतात. जाशील तेव्हा सगळं बघायच्या मागे लागू नकोस, सगळं बघणाऱ्यांचे पाय दुखतात आणि लक्षात काही राहत नाही. एक दालन निवड, तिथं बाक असेल तर बस, एकाच वस्तूकडे बघत बस, परत पुढच्या फुकट दिवशी पुढचं दालन. शिवाय कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं बरेचदा वर्ष संपताना, म्हणजे याच गरम दिवसांत लागतात, आत जायला कुणी अडवत नाही, आणि चित्रापाशी ते काढणारं पोरगं उभं असतं, त्याला विचारलं की ते अर्धा तास बोलतं. अशा गप्पा मॉलमध्ये मिळणार नाहीत.

दुपारची माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र बस. दिवसभराचा पास काढायचा आणि ज्या नंबरची बस तू रोज बघतेस पण कधी शेवटपर्यंत गेली नाहीस तिच्यात बसून शेवटच्या स्टॉपला जायचं, ऊन उतरायला लागलं की, म्हणजे चारनंतर, भर दुपारी पत्र्याची बस नको. आता इथं एक अक्कल लागते, कुठल्या बाजूला बसायचं. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, म्हणजे बस उत्तरेकडे चालली असेल तर ऊन डाव्या खिडकीतून येणार, तू उजवीकडे बस, दक्षिणेकडे चालली असेल तर उलट. सकाळच्या प्रवासाला हेच सगळं फिरवून घ्यायचं. एवढं जमलं की सावलीतली खिडकी तुझी, आणि बाकीचे लोक उन्हात बसून का घामाघूम होतायत याचं तुला हसू येतं. शहर कुठं संपतं, कुठल्या वळणावर अचानक तळं दिसतं, कारखाने कुठं लागतात हे सगळं खिडकीतून दिसतं, शिवाय शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हर-कंडक्टर दहा मिनिटं विसावतात तेव्हा "इथं बघण्यासारखं काय आहे हो" असं विचारलं की जे उत्तर मिळतं ते कुठल्या मॅपवर नसतं. शहराला नदी किंवा खाडी असेल आणि रोजच्या लोकांसाठी बोट चालत असेल तर तीही अशीच, टुरिस्टांची नको, तिचं तिकीट वेगळंच असतं.

भर दुपारी बाहेर यायला एकच कारण मी चालवून घेईन, तेही दहा मिनिटांसाठी. तुझं शहर कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात असेल तर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शून्य सावली दिवस होतो. सरळ उभी ठेवलेली बाटली घे, तिची सावली आखडत आखडत बुडाखाली जाते आणि दिसेनाशी होते. हे घड्याळाच्या बाराला होईलच असं नाही, थोडं पुढंमागं असतं, आपल्या गावाची तारीख-वेळ आधी बघायची. ऑफिसच्या गच्चीवर चार जणांना घेऊन कर, बॉससुद्धा बघायला येईल.

संध्याकाळी लोक चुकतात ते असं की सूर्य मावळला म्हणजे गार झालं असं धरून लगेच बाजारपेठेत जातात. तिथं तर भिंतींचं परत करणं चालू असतं. मावळतीनंतर तास-दोन तास पाण्याकाठी नाहीतर मोठ्या मैदानावर जा, तिथं उघड्यावर उष्णता लवकर निघून जाते, वाराही लागतो. मैदानावर पोरांचे सामने चालू असतात, आपण कुणालाच ओळखत नाही तरी एक टीम आपली धरून बघायला बसायचं, बाराव्या मिनिटाला आपण ओरडायला लागलेलो असतो.

आणि रात्री गच्ची. वरच्या मजल्यावर राहायचं भाडं तुला उन्हाळाभर द्यावं लागतंय ना, मग ते वसूल कर. गच्चीची चावी कुणाकडे असते ते शोध. शहरात दिव्यांमुळे तारे दिसत नाहीत हे खरं असलं तरी जे ठळक आहेत ते कुठूनही दिसतात, आणि थोडेच दिसतात म्हणून नवख्या माणसाला उलट सोपं जातं. उत्तर गोलार्धात या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी वर असतात, पतंगासारखा चौकोन आणि त्याला वाकडी शेपटी. त्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की पहिला जो तेजस्वी नारिंगी तारा लागतो तो स्वाती, आणखी पुढे गेलं की पांढरा-निळसर ती चित्रा. उन्हाळा सरत येतो तसा रात्री ईशान्येकडून अभिजित वर यायला लागतो, खूप तेजस्वी, चुकायचाच नाही. हा तारा आपल्यापासून साधारण 25 प्रकाशवर्षं लांब आहे. तू 25 ची ना? म्हणजे आज तुझ्या डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश तिथून निघाला तेव्हा तू नुकतीच जन्मली होतीस. स्वातीचा म्हणशील तर 37 च्या आसपास, तुमच्या ग्रुपमध्ये कुणी त्या वयाचं असेल तर तो तारा त्यांना देऊन टाक.

त्याच गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पण दिसतं. सुमारे 400 किलोमीटरवरून जातं, पृथ्वीला एक फेरी दीड तासाची, पण दिसतं ते सूर्यास्तानंतरच्या नाहीतर सूर्योदयाआधीच्या वेळेत, कारण आपण अंधारात आणि ते वर अजून उन्हात असावं लागतं. न लुकलुकणारा, सरळ चालत जाणारा ठिपका, पाच-सहा मिनिटांचा मामला, आणि आत माणसं असतात. तुझ्या गावावरून कधी जाणार ते नासाच्या स्पॉट द स्टेशन सेवेवर फुकट कळतं.

आता तुझ्या पत्रातलं जे मला खरं दुखणं वाटलं ते, एकटीने बसायचं ऑकवर्ड वाटतं. पैशापेक्षा हे जास्त महागात पडतंय तुला, कारण एकटं बसता येत नाही म्हणून ग्रुपसोबत जातेस आणि ग्रुपसोबत गेलीस की बिल वाटून येतं. माणसाच्या हातात काही काम असलं की त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी आपल्याला कळत नाही. म्हणून वही घे. साधी, पाठकोऱ्या कागदांची चालेल, आणि बॉलपेन. समोर जे आहे ते काढ, बाक, पाण्याची टाकी, झोपलेला वॉचमन. चित्र येत नाही म्हणू नकोस, कुणाला दाखवायचंय? 2007 मध्ये सिएटलमधल्या गॅब्रिएल कँपनारिओ या वर्तमानपत्रातल्या चित्रकाराने अर्बन स्केचर्स म्हणून गट सुरू केला, प्रत्यक्ष जागेवर बसून आपलं शहर काढायचं, फोटोवरून नाही हा त्यांचा मुख्य नियम. आता जगभर शहरोशहरी त्यांचे गट आहेत, एखाद्या रविवारी कुठंतरी भेटतात, दोन तास गप्प बसून काढतात आणि शेवटी वह्या जमिनीवर मांडून बघतात. एकटीने जाता येतं आणि एकटं वाटत नाही असा हा प्रकार आहे, तुझ्यासाठी बरोबर. चालायची-पळायची आवड असेल तर पार्करन बघ, 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 जणांनी सुरू झालेलं, आता बऱ्याच देशांत दर आठवड्याला सकाळी 5 किलोमीटर, फुकट, नुसतं चालत गेलं तरी चालतं. तुझ्या शहरात तेच नाव नसेल पण सकाळी बागेत जमून पळणारे गट कुठंही असतात. एकटीने फिरताना बाकीची अक्कल तुला आहेच, तरी लिहिते, वर्दळ असलेली जागा, शेवटची बस किती वाजता ते आधी बघून ठेवणं, आणि रूममेटला लोकेशन पाठवणं.

आणि ग्रुपला सोडू नकोस गं, ती माणसं वाईट नाहीत, त्यांनाही शनिवारी काय करायचं ते सुचत नाहीये म्हणून मॉल. "मला परवडत नाही" हे सांगायला लाज वाटते तर नको सांगूस, तूच आधी मेसेज टाक. "काय करूया शनिवारी?" असा नको, त्याचं उत्तर कॅफेच येतं. "मी शनिवारी सहाला तळ्याच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांवर आहे, साडेसातला अवकाश स्थानक दिसणार आहे, यायचं तर या" असा टाक. वेळ, जागा, कारण, तिन्ही असलेला मेसेज आला की लोक येतात, निदान दोघं येतात, आणि कुणी नाही आलं तरी तू तिथं असणारच होतीस. महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत कॅफेतही जा, पण आधी बोलून, की मी माझं वेगळं देणार. पहिल्या वेळी जरा कसंतरी होतं, दुसऱ्या वेळी आणखी दोन जण "माझंपण वेगळं" म्हणतात बघ.

तब्येतीचं थोडक्यात. पाणी घरून, मोठी बाटली, तहान लागायच्या आधी प्यायचं. हवा 40 अंशांच्या वर असेल तर नुसत्या पंख्याखाली पडून राहू नकोस, जागतिक आरोग्य संघटना पंखा 40 च्या खालीच वापरा म्हणते, त्याच्या वर तो अंगावर गरम हवाच मारतो, तेव्हा ओला कपडा अंगावर घे नाहीतर सरळ लायब्ररी गाठ. दमट दिवशी घाम सुकत नाही म्हणून आकडा कमी असला तरी त्रास जास्त होतो, त्या दिवशी पायपीट नको. चक्कर, डोकं दुखणं, मळमळ झाली की सावली, पाणी, कपडे सैल. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात असू शकतो, तिथं थांबायचं नाही, अंगावर पाणी ओतत अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची.

राहिलं पोहणं, मुद्दाम मागे ठेवलं कारण यात थोडे पैसे लागतात. वॉटर पार्कच्या एका दिवसात जे जातात ना, तेवढ्यात पालिकेच्या तलावावर बरेचदा महिनाभर पोहता येतं, आणि येत नसेल तर शिकवतात. जायच्या आधी एक चक्कर मारून ये. पाण्याचा तळ स्वच्छ दिसतोय का बघ, गढूळ असेल तर नको. नाकात जाणारा उग्र वास म्हणजे औषध भरपूर टाकलंय, स्वच्छ आहे, असं लोकांना वाटतं, पण तो वास क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळून जे तयार होतं त्याचा असतो, तेव्हा वास जितका कमी तितकं बरं. शॉवर घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत असा तलाव मिळाला तर कटकट समजू नकोस, तोच चांगला. बायकांची वेगळी वेळ आहे का, जीवरक्षक हजर असतो का, हे दोन प्रश्न खिडकीवर विचार. शहरातल्या उघड्या तळ्यात, खाणीच्या डबक्यात कुणी "चल ना उतरू" म्हटलं तर उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी, तिथं खोलीचा अंदाज लागत नाही आणि वर काढायला कुणी नसतं.

उन्हाळ्यात सकाळच्या बॅचेस सगळ्यात आधी भरतात. बऱ्याच ठिकाणी फोटो आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, ते आणायला दोन दिवस जातात आणि तोवर जागा गेलेली असते, म्हणून आधी फॉर्म आण, काय काय लागतं ते वाच आणि येत्या सोमवारी ऑफिसला जायच्या आधी भरून टाक.